पिवळी रेघ

पत्र तिने फोनवर वाचलं, दोन मुलांच्या मधल्या पाच मिनिटांत, तपासणीच्या खोलीत बसून. लहान मुलांना ऐकू किती येतं ते तपासायचं तिचं काम. कानांवर हेडफोन, हातात बटण, आवाज आला की दाबायचं. खोलीच्या भिंतींना जाड करडा स्पंज, दाराला फ्रिजसारखी रबराची कड. दार लावलं की बाहेरचं सगळं जग कुणी चिमटीने उचलून बाजूला ठेवल्यासारखं नाहीसं व्हायचं. मुलांच्या बुटक्या खुर्चीवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या तिने विमा कंपनीचं पत्र एकदा वाचलं, मग पुन्हा वाचलं. वाहन पूर्णतः निकामी, हे त्यांनी सांगायची गरज नव्हती. तीन आठवड्यांपूर्वी ती स्वतःच त्या वाहनात होती. खाली भरपाईचा आकडा होता. तो कमीच होता, पण आकड्यावर नजर टिकेना, ती सारखी वरच्या ओळीकडे जायला लागली. वाहनाची अपघातापूर्वीची स्थिती: सर्वसाधारण. कारण: गेल्या चार वर्षांतील देखभालीची कोणतीही नोंद उपलब्ध नाही. सात दिवसांत हरकत न आल्यास प्रस्ताव मान्य असल्याचे समजण्यात येईल.

चार वर्षं. तिच्या डोळ्यांपुढे एकदम दोन पाय आले. झिजलेल्या रबरी चपलांतले, टाचांना भेगा पडलेले, गाडीखालून बाहेर आलेले. रविवार सकाळ म्हणजे ते पाय. सासरे, ज्यांना घरात आणि घराबाहेर सगळे आबाच म्हणत, ते आयुष्यभर लिफ्टचे मेकॅनिक होते; निवृत्त झाल्यावर ज्या हातांनी वीस-वीस मजल्यांच्या दोऱ्या सांभाळल्या त्या हातांना घरात करायला काही उरलं नाही, म्हणून त्यांनी गाडी घेतली, चालवायला म्हणून कमी आणि खाली झोपायला म्हणून जास्त, असं सासूबाई म्हणायच्या. गाडी चालवायची मात्र ती, त्यांची सून. वाड्यावस्त्यांवरच्या शाळांत तपासणीच्या यंत्राची पेटी घेऊन जावं लागायचं, आणि तिची लेक ढमी झाल्यापासून पाळणाघरही वाटेतच होतं. ढमी रांगायला लागली तेव्हा रविवारी सरळ त्या दोन पायांकडे जायची आणि अंगठा धरून ओढायची. गाडीखालून आवाज यायचा, 'कोण ते? पाहुणे आले वाटतं.' आणि ढमी त्या बिनतोंडाच्या आवाजाकडे बघून इतकी हसायची की तोल जाऊन बसायचीच. असे किती रविवार. त्यांची कुठेच नोंद नाही. आबांनी कधी गाडी गॅरेजला नेली नाही, सुटे भाग आणले की खोकी आणि पावत्या त्याच दिवशी कचऱ्यात. एकदा ती म्हणाली होती, 'आबा, पावती ठेवा ना', तर ते म्हणाले, 'पावती कशाला? हात माझाच आहे, पळून कुठे जाणार आहे?'

बाहेर पुढचं मूल दारावर थापटत होतं. थापटणं ऐकू येत नव्हतं, दाराच्या छोट्या काचेतून तळवा तेवढा दिसत होता, दाबून पांढरा झालेला. तिला पुन्हा ते आठवलं. अपघाताचा आवाज तिला आठवत नव्हता. ज्या बाईचा जन्म आवाज मोजण्यात चालला होता, कुणाला किती ऐकू येतं हे जी केसाइतक्या फरकाने सांगायची, तिच्या कानात त्या क्षणाचं काहीच नव्हतं. चौक होता, हिरवा दिवा होता, डावीकडून सिग्नल मोडून एक पांढरी व्हॅन येत होती, एखाद्या चित्रातल्यासारखी, घाई नसल्यासारखी. मग या खोलीपेक्षाही दाट शांतता. गाडी त्या शांततेत गोल फिरली, काचा अगदी संथपणे पाण्यासारख्या वाहिल्या, खांब मागून आला. आणि मग त्या शांततेच्या तळातून, फार खोलातून, विहिरीतून पोहरा वर यावा तसं ढमीचं रडणं वर आलं. त्या दोन सेकंदांचं काय झालं होतं? ती तेव्हापासून त्यांच्याभोवती फिरत होती. भीती अशी नव्हती ती. देवळाच्या गाभाऱ्यात पहिल्यांदा जाताना लहान मुलाला होतं तसं काहीतरी होतं. आणि त्याच्या आत, अगदी आत, एक खुपणारा खडा होता, जो तिने अजून कुणाला दाखवला नव्हता.

संध्याकाळी घरी सगळे होते. नवरा छापखान्यातून नुकताच आलेला, बोटं अजून निळसर. त्याने पत्र वाचलं, मान हलवली, आणि या तीन आठवड्यांत जे वाक्य शेजाऱ्यांपासून पाळणाघरातल्या बाईंपर्यंत सगळ्यांनी म्हटलं होतं तेच म्हणाला. गाडी गेली तर गेली, तुम्ही दोघी आहात ना. कर सही आणि हो मोकळी. तिने फोन परत घेतला. त्याचं खरं होतं. इतकं प्रचंड काहीतरी फुकटात हातात पडलेलं असताना उरलेल्यासाठी घासाघीस करायची म्हणजे कसलंतरी कोतेपण वाटायचं. नवरा पुढे सांगत राहिला की या आकड्यात हिच्याहून चार-पाच वर्षांनी जुनी, कसलीतरी एखादी मिळेल, चालवून घेऊ. तिने मनातल्या मनात ती कसलीतरी गाडी उभी केली, तिच्यात मागे ढमीला बसवलं, आणि कुणीतरी पाठीत बर्फ सोडावा तसं झालं. ती चालवून घेणार नव्हती. ही गाडी जशी होती तशीच दुसरी हवी होती, आणि तशी या आकड्यात येत नव्हती.

स्वयंपाकघरात नळ गळत होता. टप्. मग इतक्या वेळाने की वाटावं थांबला, आणि मग टप्. तीन आठवडे गळत होता. हा नळ दुसऱ्या कुठल्याही वर्षी एक दिवस गळला नसता. आबांच्या घरात काही वाजणं, करकरणं, ठिबकणं म्हणजे त्यांच्या तोंडावर कुणी उणंदुणं बोलल्यासारखं होतं. पण अपघातानंतर त्यांनी पान्यांच्या पेटीला हात लावला नव्हता. पेटी पलंगाखाली गेली होती. सासूबाई एकदा ओट्याशी म्हणाल्या, 'गाडी चेपली खांबाला आणि माणूस चेपलं घरात.' आबांनी ऐकलं नसल्यासारखं केलं.

आता त्यांनी हात पुढे केला, तिने फोन दिला. ते लांब धरून, ओठ हलवत वाचत गेले. त्या ओळीशी थांबले, अंगठ्याने अक्षरं मोठी केली, आणि पुष्कळ वेळ बघत राहिले. मग फोन पालथा ठेवून खिडकीकडे बघत, कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले, 'पुढचे ब्रेक पॅड मी बदलले होते. दोन आठवडे आधी.'

स्वयंपाकघरात नळ गळला. टप्. तिला एकदम सगळं कळलं. तीन आठवडे हा माणूस काय घेऊन बसला होता, पेटी पलंगाखाली का गेली, ढमीला मांडीवर घेताना ते आधी दोन्ही हात धोतराला का पुसत होते. आपला नट सैल राहिला असेल. आपला हात चुकला असेल. आणि वर कंपनीचं पत्र आलं होतं, शिक्का मारून, की या गाडीला चार वर्षं कुणी हातच लावला नाही. सासूबाईंनी उठून त्यांच्यापुढे चहा ठेवला, आणि नेहमीच्या सुरात म्हणाल्या, 'गाडी बाहेरून कळकट आणि आतून लखलखीत होती. मालकासारखीच. आता त्यांनी फोटो बाहेरूनच काढले तर त्यांचा तरी काय दोष.' ते बोलणं टोमण्यासारखं निघालं, पण तिला त्यात धरायला एक टोक सापडलं. फोटो बाहेरून.

ढमी झोपल्यावर मिळतात ते वेळेचे तुकडे, तसल्या दोन तुकड्यांत तिने पॉलिसीचं ते पातळ पुस्तक शेवटपर्यंत वाचलं. ज्या बारीक टाइपात कुणी वाचू नये अशीच इच्छा असते, त्यात एक कलम होतं: प्रस्ताव मान्य नसल्यास वाहनाची फेरपाहणी, नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेअरसमोर, मागता येते. तिने अर्ज लिहिला. त्याच वर्षीच्या, त्याच बनावटीच्या, चांगल्या ठेवलेल्या गाड्या सध्या कितीला विकायला आहेत त्याच्या तीन जाहिराती जोडल्या. देखभालीची नोंद आहे, असं लिहिलं, आणि तिथे तिचा हात थांबला, कारण नोंद कुठे आहे हे पुढे लिहावं लागणार होतं. तिने आबांना विचारलं. त्यांनी दोन्ही हात धोतराला पुसले. मग म्हणाले, 'गाडीवरच आहे. असलीच तर.'

अपघातातल्या गाड्या ठेवायचं यार्ड गावाबाहेर होतं, पत्र्याच्या कुंपणाच्या आत. चिरडलेल्या, दुमडलेल्या, जळलेल्या गाड्यांच्या रांगा, आणि मधून चालायला पायवाट, जिच्यावर काचेचे बारीक कण उन्हात खडीसाखरेसारखे चमकत होते. पाऊल टाकलं की करर. तिला वाटलं होतं की इथे आल्यावर तो हरवलेला आवाज कानात परत येईल. आला नाही. उलट इथे तपासणीच्या खोलीसारखंच काहीतरी पसरलं होतं, प्रत्येक गाडीपाशी तिची तिची शांतता थांबलेली, जणू दर गाडीत कुणाचे तरी ते दोन सेकंद ठेवलेले होते. सर्व्हेअर आधीच आला होता. पन्नाशीचा, उन्हाने रापलेला, हातात फायलीचं पॅड, छातीवर दोरीला लटकणारा चष्मा. त्याने आधीच सांगून टाकलं की दिवसाला बारा गाड्या असतात, फोटोवरून बघाव्या लागतात, आणि या गाडीचा रंग उडालेला, दारांना ओरखडे, मागच्या सीटवर बिस्किटांचा चुरा. नोंद नसेल तर सर्वसाधारण याहून वरचा शब्द त्याच्या हातात नाही. वाईट वाटून घेऊ नका. तो उद्धट नव्हता. कंटाळलेला होता, आणि खरं सांगत होता.

मग त्यांनी गाडी बघितली. तिने अपघातानंतर ती पहिल्यांदाच बघितली. पुढची डावी बाजू आत गेलेली, दार जागेवरून निघून इंजिनाकडे तोंड करून उभं. मागचं टोक खांबाने असं आत ढकललेलं की डिकी उरलीच नव्हती. छप्पर दोन्हीकडून दुमडून मधे उतरलेलं. आबा दहा पावलांवर थांबले. त्यांच्या हातात पान्यांची पेटी होती. सकाळी त्यांनी ती स्वतःच पलंगाखालून ओढली होती. आता मात्र ते पुढे येईनात. पेटीचा हात बदलला, पुन्हा बदलला. तिला दिसलं की ते गाडीकडे बघत नाहीत, ते पुढच्या चाकाकडे बघतायत. फक्त चाकाकडे, आरोपीच्या पिंजऱ्यात उभा असलेला माणूस न्यायाधीशाकडे बघतो तसे.

'चला आबा,' ती म्हणाली.

यार्डवाल्याने जॅक लावला. उजवं चाक त्यातल्या त्यात शाबूत होतं. चाक निघालं, आणि आत धुळीने, गंजाने, वाळलेल्या चिखलाने माखलेलं ते सगळं दिसायला लागलं जे कुणी कधी बघत नाही. आबा गुडघ्यावर बसले. खिशातून फडकं काढलं आणि एका नटावरून फिरवलं. धुळीखालून पिवळा रंग निघाला. एक रेघ. सुतळीइतकी जाड, नटावरून सुरू होऊन खालच्या धातूवर गेलेली, सरळ, अखंड. तिच्याशेजारी तितक्याच पिवळ्या बारीक आकड्यांत महिना आणि वर्ष. दोन आठवडे आधीचा महिना.

सर्व्हेअरने चष्मा नाकावर चढवला. हे काय, त्याने विचारलं, आणि आबा खाली बघतच सांगायला लागले. लिफ्टच्या कामात जो नट आवळला त्याच्यावर अशी रेघ मारायची, नटावरून खालच्या भागावर. नट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटते, दोन तुकडे एकमेकांपासून सरकतात. पुढच्या वेळी माणसाने पाना लावायचा नाही, नुसतं बघायचं. वीस मजल्यांवर माणसं चढत-उतरत असतात, आपल्याला झोप लागायला हवी ना रात्री, ते म्हणाले. मग पेटीतून सगळ्यात लहान पाना घेऊन त्यांनी त्या नटावर हलकेच ठोकलं आणि मान कलती करून ऐकलं. टण्. पुढच्यावर. टण्. तिची मानही नकळत कलती झाली होती. तिच्या कानांना तो सूर पूर्ण माहीत होता. स्वच्छ, एका धारेचा, शेवटी जराही न खरखरणारा. कुठे काही सैल असतं तर या सुराच्या शेपटीला एक बारीक भसभस लागली असती. नव्हती. दहा पावलांवरून, डोळे मिटून, ती शपथेवर सांगू शकली असती.

त्यानंतर कुणी घाई केली नाही. डावं चाक पार वाकलेलं होतं, त्याच्यामागचा दांडा गुडघ्यातून मोडल्यासारखा. तिथे सर्व्हेअर स्वतःच आडवा झाला, टॉर्च तोंडात धरून, आणि फडकं मागितलं. बराच वेळ नुसते त्याचे बूट दिसत राहिले. ते बघून तिला गळ्याशी हसू आलं आणि हसू असताना डोळे भरले. आतून त्याचा टॉर्चने बोबडा झालेला आवाज आला की इथेही आहे. मग आणखी एक. मग काही वेळाने, 'दांडा मोडलाय, नट नाही हलला.' तो बाहेर आला तेव्हा त्याच्या केसांत माती होती. मग बॉनेट पहारीने उघडलं, आणि तिथे दुपारचं ऊन आत पडलं तसे तिघेही थांबले. सगळं एकमेकांत घुसलेलं, फुटलेलं, रबरी नळ्या आतड्यांसारख्या बाहेर, आणि त्या सगळ्यावर, इथे, तिथे, कोपऱ्यात, पट्ट्याखाली, पिवळ्या रेघा. कुणी अंधारात दिवे लावून ठेवावेत आणि घर कोसळल्यावरही ते जळत राहावेत तशा. वाकलेल्या धातूबरोबर वाकलेल्या, आडव्या झालेल्या, काही तर उलट्या तोंडाच्या. पण तुटलेली एकही नाही. सर्व्हेअर मोजत होता, एकदा मोजणं चुकला, पुन्हा पहिल्यापासून लागला. बॅटरीवर तारीख. पट्ट्यावर तारीख. टायरवर कारखान्याचाच छापलेला आठवडा आणि वर्ष. चार वर्षांतले रविवार एकेक करून त्याच्या पॅडवर उतरायला लागले. आबा बाजूला उभे होते, रिकाम्या हातांनी, आणि ती त्यांच्या हातांकडे बघत राहिली. काळे, जाड, अंगठ्याचं नख चिरलेलं. आपण चार वर्षं या हातांच्या आत बसून हिंडत होतो, असं तिच्या मनात आलं. शाळांना गेलो, पावसात गेलो, ढमी पोटात असताना गेलो. आणि कधी वर बघितलं नाही.

'ब्रेक दाबलास तेव्हा लागला का गं?' आबांनी विचारलं. इतक्या हळू, की दुसऱ्या कुणाला ऐकू गेलं नसतं.

तो खडा आता तिच्या जिभेशी आला. 'लागला आबा. दाबल्याबरोबर लागला. पण मी उशिरा दाबला.' सर्व्हेअर दोन हातांच्या अंतरावर उभा होता हे तिला दिसत होतं, तरी ती थांबली नाही. 'मी आरशात बघत होते. ढमी मोज्याशी खेळत होती, तो तिने तोंडात घातला होता. मी तिच्याकडे बघत होते.'

आबांनी तिच्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दयाही नव्हती. एखाद्या यंत्राबद्दल कुणी काही सांगितलं की यायचा तो चेहरा होता. 'किती उशिरा?'

ती मोजमापाचीच बाई होती. तिने खरंच मोजून बघितलं. 'अर्धा श्वास.'

'मग अर्ध्या श्वासात लागला तर चांगला लागला,' आबा म्हणाले.

सर्व्हेअरने पॅडचा कागद उलटला, खाकरला, आणि कुणाकडेच न बघता म्हणाला, 'मोज्याचा रकाना नाही माझ्याकडे. सिग्नल व्हॅनने मोडला, तेवढं पोलिसांच्या कागदावर आहे.'

मग मागचं राहिलं. तिला तिकडे जायचं नव्हतं आणि तिचे पाय तिकडेच चालले होते. मागची दोन्ही दारं माणसांनी त्या दिवशी उपटून काढली होती, ढमीला खुर्चीसकट बाहेर काढताना. आबांनी ढमी झाल्या दिवसापासून एकच हट्ट धरला होता की पोराची खुर्ची मधोमध, खिडकीशी नाही. ती वाकून आत बघायला लागली. डावीकडून पत्रा आलेला, उजवीकडून आलेला, मागून डिकी आलेली, वरून छप्पर उतरलेलं. सगळीकडून धातू धावत आला होता आणि मधोमध येऊन थांबला होता. एक पोकळी उरली होती. घरट्यासारखी. तिच्या कडांचा पत्रा सुरकुतलेला, पण आत एक टोकही नाही, आणि तळाला अजून बिस्किटांचा चुरा. सर्व्हेअर मागून सांगत होता की गाड्या अशाच बनवतात, बाहेरचं चेपावं आणि आतलं राहावं, त्याचं शास्त्र आहे. पण त्याचाही आवाज खाली आला होता, आणि त्याने सांगता सांगता, कशासाठी कुणास ठाऊक, चष्मा काढून हातात घेतला. तिने आत हात घातला. तिथे ऊन पोचत नव्हतं, तरी गार नव्हतं. ते दोन सेकंद इथे होते. तिला आवाज आठवत नव्हता कारण इथे, या एवढ्याशा जागेत, कदाचित तो आलाच नव्हता. बाहेर सगळा प्रलय उभा आणि इथे मोजा तोंडात घेतलेलं मूल. ती हात बाहेर काढेना.

आबा दुसऱ्या बाजूने वाकले. 'इथे होती?'

'इथे.'

त्यांनी हात लांबवला, सीटवर करंगळी टेकवली, अंगठा ताणला आणि वर मोजत गेले. एक वीत. दोन. तीन. छपराच्या दुमडीपर्यंत उरलेल्या जागेत बोटं आडवी घातली. 'तीन विती चार बोटं,' ते म्हणाले, आणि ढमीची खुर्ची कुठे आहे असं विचारलं.

खुर्ची घरी होती. अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी, दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून, तिने ती साबणाने घासघासून धुतली होती, काचेचा एकेक कण चिमट्याने काढला होता, आणि गॅलरीत वाळत ठेवली होती. नव्या गाडीत लावायला. सर्व्हेअरने ते ऐकलं आणि पहिल्यांदाच जवळजवळ ओरडला. मुळीच वापरायची नाही. एकदा धक्का खाल्लेली खुर्ची दुसऱ्यांदा खात नाही. पुरावा धुऊन टाकलात ते टाकलात, घरी जाऊन पाठीमागे बघा, प्लास्टिकवर पांढरी रेघ दिसेल. तिची भरपाई वेगळी मिळते, मागा. फोटो पाठवा, मग कुणी पुन्हा वापरू नये म्हणून पट्टे कापा, आणि टाकून द्या. तिने घरी आल्याबरोबर बघितलं. होती. निळ्या प्लास्टिकच्या पाठीवर, केसाइतकी बारीक, दुधासारखी पांढरी. ती इतके दिवस या खुर्चीशेजारी कपडे वाळत घालत होती आणि तिला ती दिसली नव्हती.

नवं पत्र नऊ दिवसांनी आलं. रविवार होता, दुपारची वेळ, ऊन गॅलरीतून आत आलेलं. नवरा फोनवर झुकला, मग त्याने तो तिच्याकडे सरकवला. आकडा तिने मागितलेला नव्हता, पण त्या जाहिरातींच्या जवळचा होता. ज्या गाड्यांना तिने मनातल्या मनात हात लावून बघितला होता, त्यातली एक येईल असा. खुर्चीचे पैसे वेगळे धरले होते. नवऱ्याने फक्त एवढंच म्हटलं की बरं झालं तू ऐकलं नाहीस माझं, आणि हे त्याने इतक्या सहज म्हटलं की तिला त्याच्या निळसर बोटांवर एकदम माया आली. आबा जमिनीवर बसून नळाचा वायसर बदलत होते; गळणारा नळ कालपासून गप्प होता, तरी दुसरा नळ काढून बसले होते, सवयीने. त्यांनी आकडा विचारला नाही.

'काय लिहिलंय?' ते म्हणाले.

तिने वाचून दाखवलं. वाहनाची अपघातापूर्वीची स्थिती: उत्तम. देखभालीची नोंद: वाहनावर आढळली.

आबांनी वायसर उन्हात धरून बघितला, पुष्कळ वेळ, जणू त्याच्या भोकातून पलीकडे काही दिसत होतं. सासूबाई म्हणाल्या, 'चला, सरकारी कागदावर लखलखीत ठरलात एकदाचे,' आणि पदराने डोळा पुसून कांद्याला नावं ठेवली, कांदा चिरत नसताना.

आता खुर्चीचे पट्टे कापायचे राहिले होते. तिने कात्री आणली. पण आबा थांब म्हणाले, उठले, गॅलरीतून खुर्ची आणून उन्हाच्या तुकड्यात मधोमध ठेवली, आणि ढमीला उचलून तिच्यात बसवलं. ढमीने तिला ओळखलं. दोन्ही पाय झाडले, पुढे गाडी सुरू व्हायची वाट बघितल्यासारखं आजूबाजूला बघितलं. आबा समोर मांडी घालून बसले. जमिनीला करंगळी टेकवली. एक वीत. दोन. तीन. मग डोक्याच्या मऊ केसांशी आडवं एक बोट धरलं, ते पुरलं. तीन विती एक बोट. त्यांनी ते बोट तसंच ठेवलं आणि त्याच्यावर उरलेली तीन बोटं आडवी मांडली, हवेत, जिथे त्या दिवशी छप्पर येऊन थांबलं होतं.

तिच्या हातातली कात्री खाली आली. नवरा उठून उभा राहिला होता. घरात नळ वाजत नव्हता, रस्ता वाजत नव्हता. ती दाट शांतता पुन्हा आली होती, पण आता तिच्यात सगळे होते. ऊन बोटांच्या फटींतून ढमीच्या केसांवर पडलं होतं. ती तीन काळी, जाड, चिरलेली बोटं हवेत तशीच होती, आणि त्यांच्याखाली ढमी मान मागे टाकून वर बघत होती, आपल्या डोक्यावर हे काय आलंय म्हणून. मग तिने दोन्ही हात वर केले आणि ती तीनही बोटं धरली. मुठीत मावेनात, तरी सोडली नाहीत. जशी रविवारी अंगठ्याला धरून ओढायची तशी जोर लावून, गाडीखालून बाहेर ओढायला लागली.